मायनरपुढचे चार शब्द

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

काल तुझे बाबा साखळीच्या बाजारात भेटले. हातात भाजीची पिशवी आणि तोंडावर काळजी. "पोरगी मास कम्युनिकेशनला गेली, आता विषय कुठले घ्यायचे ते तुम्हीच सांगा," म्हणाले आणि तुझी यादी माझ्या हातात दिली. रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून हे पत्र.

यादीवर तू पेन्सिलीनं खुणा केल्या आहेस. कॅमेऱ्यापुढे दोन बरोबरच्या, सूत्रसंचालनापुढे तीन. आणि मायनरपुढे, म्हणजे जोडविषयापुढे, लिहिलंयस, 'जे सोपं असेल ते'. या चार शब्दांनी मला रात्री झोप लागू दिली नाही.

आधी हिशेब बघ. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची, म्हणजे तासांवरून मोजलेल्या अभ्यासाच्या भाराची. त्यात मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, किमान ६० आणि मायनरची २४. म्हणजे पदवीचा पाचवा हिस्सा तू न वाचताच देऊन टाकत होतीस. ज्यावर तू एवढ्या खुणा केल्यास त्या स्किलच्या पेपरांना तीन वर्षांत मिळून ९ क्रेडिट! कॅमेरा तू शिकशीलच. आजची मुलं तो मोबाइलवर आधीच शिकलेली असतात. पण कॅमेऱ्यासमोर उभं राहून सांगणार काय, ते मेजर शिकवत नाही.

आपल्या गावचंच घे. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा तू पाच-सहा वर्षांची असशील. दारोदार उभे राहिलेले ट्रक आठवतात का बघ. २०१८ मध्ये पुन्हा बंद. आम्ही वर्तमानपत्राच्या डेस्कवरचे दोन्ही वेळा 'खाणबंदी' असा मथळा देऊन मोकळे झालो. वास्तविक पहिल्या वेळी खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर बेकायदा उत्खननाचा मुद्दा होता, आणि दुसऱ्या वेळी सर्वोच्च न्यायालयानं खाणींच्या ८८ लीजांचं, म्हणजे भाडेपट्ट्यांचं, नूतनीकरणच रद्द केलं होतं. हा फरक वाचकाला समजावून सांगू शकतील अशी माणसं न्यूजरूममध्ये किती होती म्हणतेस? एका हाताची बोटं पुरली असती. भाषा सगळ्यांची चांगली होती. अर्थशास्त्र आणि कायदा कच्चा. म्हादई नदीच्या पाणीवाटपाचं तेच, जमिनीच्या रूपांतराचं तेच, कुळांचं आणि मुंडकारांचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचं, तर विचारूच नकोस.

म्हणून मायनर अर्थशास्त्र घे. ते तुमच्याकडे नसेल किंवा वेळापत्रकात बसत नसेल तर भूगोल, नाहीतर राज्यशास्त्र. मानसशास्त्राला गर्दी असते, विषयही वाईट नाही, पण मैत्रीण घेते म्हणून घेऊ नकोस.

आकड्यांना घाबरतेस हे मला ठाऊक आहे. मीही घाबरायचो. नवा उपसंपादक असताना एका जमिनीच्या बातमीत १२ हेक्टरचे मी १२ हजार चौरस मीटर केले. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, तेव्हा छापून यायला हवे होते १ लाख २० हजार. दुसऱ्या दिवशी त्या वाड्यावरची आठ-दहा माणसं अंक घेऊन दारात. "आमची बाकीची जमीन तू खाल्लीस काय?" असं एका म्हाताऱ्यानं विचारलं. मुद्रितशोधनाची चूक म्हणून खुलासा छापला, चूक माझी होती. मल्टिडिसिप्लिनरीच्या, म्हणजे मेजर-मायनरबाहेरच्या विषयांच्या, यादीत संख्याशास्त्राची तोंडओळख दिसली तर तो पेपर उचल. बारावीला केलेला विषय तिथं पुन्हा घेता येत नाही, एवढं लक्षात ठेव. पुढे संशोधन पद्धतीच्या पेपरात सर्वेक्षणाचे तक्ते येतील तेव्हा माझी आठवण काढशील.

भाषेच्या पेपराबद्दल माझं मत घरी सांगू नकोस, आपल्या मराठीवाल्या मंडळींना आवडणार नाही. तू दहावीपर्यंत मराठीतून लिहिलंस, तुझं मराठी हलणार नाही. कोंकणी तू घरी बोलतेस, पण एक पानभर कधी लिहिली आहेस? कोंकणी घे. रोमी लिपीही, म्हणजे रोमन अक्षरांतली कोंकणीही, वाचायला शीक. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या तियात्राची, म्हणजे कोंकणी नाटकाची, जाहिरात वाचता येत नसेल तर अर्ध्या गोव्यातली माणसं आपसात काय बोलतात ते तुला कळायचं नाही.

माध्यमांच्या इतिहासाचा पेपर मुलांना कंटाळवाणा वाटतो, कारण तो गुटेनबर्गपासून सुरू होतो. तू पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा आणि १९६७ च्या जानेवारीतली मराठी वर्तमानपत्रं माग. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावर १६ तारखेला जनमत कौल होता. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूनं आणि 'राष्ट्रमत' विरोधात, दोन्ही मराठीतच. एकाच दिवसाचे दोन अंक शेजारी ठेव, मथळे बघ, कोणाची सभा कुठल्या पानावर छापली ते बघ. एवढं केलंस की पहिल्या वर्षाची एक असाइनमेंट तयार आहे, आणि ती वर्गात दुसऱ्या कुणाची नसेल.

वेळापत्रकाचं थोडक्यात. सकाळी आठचं लेक्चर असलेला पर्याय शक्यतो टाळ. साखळीहून पणजीची कदंबा बस भरून येते आणि पावसात तर तिचा काही भरवसा नाही, हजेरी मात्र सर मोजणारच. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०, म्हणून एका सेमिस्टरला प्रॅक्टिकलचे पेपर ढिगानं घेऊ नकोस. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीत अभ्यास करीन असं स्वतःला सांगू नकोस, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधण्यात आणि नेवऱ्या (करंज्या) करण्यात ते दिवस जातात. नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, येतो. त्याला जरूर जा, आधी परीक्षेच्या तारखा बघून.

आणि मेजर चुकलंच असं वाटलं तर वर्षाअखेर बदलायची मुभा आहे. तोवर रडायचं नाही.

यादी सोबत परत पाठवतोय. मायनरपुढचे ते चार शब्द मी खोडलेत, बाकीच्या खुणा तशाच ठेवल्या. फॉर्मची शेवटची तारीख कुठली ते कळव, त्याच्या आदल्या संध्याकाळी घरी ये.

तुझा,
काका