कॅलिपरमधला पाय

प्रश्न आलाय की रायफलचं काडतूस हाताने भरताना जी 'सीटिंग डेप्थ' बघतात, म्हणजे गोळी काडतुसाच्या केसमध्ये (पितळी नळकांड्यात) किती खोल बसलीये ते, तिला मराठीत 'गोळीची खोली' म्हणावं का, आणि ती 'कॅलिबरने' नीट कशी मोजायची.

कॅलिबरने नाही हो, कॅलिपरने! कॅलिबर म्हणजे बंदुकीच्या नळीचा व्यास, कॅलिपर म्हणजे मोजायचं हत्यार. वर्कशॉपमध्येसुद्धा 'जरा कॅलिबर दे' ऐकून कान किटलेत. आणि 'गोळीची खोली' नको, गोळी भाड्याने राहायला आल्यासारखी वाटते. सरळ 'बैठक' म्हणा, किती खोल बसलीये ते त्यात येतं.

पण खरी गंमत पुढे आहे. या दोन शब्दांवरून लोकांना झापायचं म्हणून मूळ शोधायला गेलो आणि स्वतःच तोंडघशी पडलो, कारण दोन्ही मुळात एकच! अरबीत कालिब म्हणजे साचा, उर्दूत 'यक जान दो कालिब', म्हणजे एक जीव दोन देह, म्हणतात तोच. तिथून युरोपात गेला, तोफेच्या नळीचा व्यास झाला, आणि सोळाव्या शतकात तो मोजायच्या कंपासला इंग्रजांनी कॅलिपर म्हटलं. अरबीच्याही मागे ग्रीक 'कालापूस', चांभाराचा लाकडी साचा. कालोन म्हणजे लाकूड, पूस म्हणजे पाऊल, आणि हा पूस संस्कृत पादाचा सख्खा भाऊ, म्हणजे कॅलिपरमध्ये आपलाच पाय लपलाय!

काही पंडित कॅलिबर लॅटिन 'क्वा लिब्रा', म्हणजे 'किती वजनाचा', यातून काढतात. जुन्या तोफा गोळ्याच्या वजनावरून ओळखायचे हे खरंय, पण तेवढ्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही, ही नुसती कानाला गोड लागणारी जुळवाजुळव आहे. साचा आणि व्यास यांचं नातं समोर दिसत असताना वजनकाटा कशाला आणायचा?

हां, मोजायचं राहिलंच. गोळीची लांबी अधिक रिकाम्या केसची लांबी, वजा तयार काडतुसाची लांबी. समजा ३१ अधिक ५१ वजा ७१, तर बैठक ११ मिलिमीटर. पण गोळ्यांची टोकं एकसारखी नसतात, त्यामुळे एकाच सेटिंगवर भरलेल्या काडतुसांची लांबीसुद्धा टोकापासून मोजली तर वेगवेगळी भरते. म्हणून कॅलिपरला कंपॅरेटर, म्हणजे गोळीच्या बाकावर टेकणारा भोकाचा जोडतुकडा, लावून काडतुसाच्या बुडापासून गोळीच्या टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या बाकापर्यंत, म्हणजे ओजाइव्हपर्यंत मोजतात, तो आकडा टोकाच्या नादी लागत नाही. हे ओजाइव्ह म्हणजे मुळात गॉथिक चर्चची टोकदार कमान, पण त्याच्या व्युत्पत्तीवरून तर याहून मोठी भांडणं आहेत, ती पुन्हा कधीतरी.