सही करू नकोस, आधी पासपोर्ट परत मिळव

प्रश्न : माझा जन्म लेस्टरचा, वय 26. आईबाबा मूळचे ठाण्याचे. माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते) आहे. तिथे मी फार्मासिस्ट आहे आणि आईबाबांबरोबरच राहते. डिसेंबरात आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी आम्ही नौपाड्याला काकांकडे आलो. आल्यावर कळलं, ऐरोलीच्या एका मुलाशी माझं लग्न ठरवलंय. साखरपुडा दोन आठवड्यांवर आलाय. मी नाही म्हटलं. बाबांनी माझा पासपोर्ट आणि कार्ड 'सुरक्षित राहील' म्हणून काकांच्या बँक लॉकरमध्ये ठेवलं. किल्ली आजीच्या कपाटात असते. संक्रांतीला तिळगुळाच्या ताटाशेजारी विवाहनोंदणीचा फॉर्म होता. माझं नाव, जन्मतारीख भरलेली, लग्नाची तारीख कोरी आणि सहीच्या जागी पेन्सिलनं फुली. 'सही करून ठेव, व्हिसाचं काम लवकर सुरू होईल.' बाबा म्हणतात, 'आता तू भारतात आहेस, तुझी एम्बसी इथे काही करू शकत नाही.' मला घर तोडायचं नाही. सणवार, आजी, सगळं मला हवंय. फक्त हे लग्न नको.

उत्तर : तुझ्या वयाची मुलगी मला आहे, म्हणून एकेरीतच लिहिते. रोमन लिपीतलं तुझं मराठी वाचताना मी एका ओळीपाशी थांबले. आजीनं स्वयंपाकघरात विचारलं, 'तुला हवंय का गं हे?' आणि तुला शब्दच सुचले नाहीत, तू पोळ्यांना तूप लावत राहिलीस. त्याकडे मी शेवटी येते. आधी त्या फुलीचं बघू.

तिथे सही करू नकोस. तो फॉर्म झालेल्या लग्नाचा असतो. त्यावर वधूवर, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी सह्या करतात. विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानं हिंदू विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये स्पष्ट सांगितलंय. व्हिसासाठी आधीच नोंदणी उरकून घेण्याच्या पद्धतीबद्दलही त्याच निकालात खडे बोल आहेत. पण या निकालाच्या भरवशावर सही करून बसू नकोस. महापालिकेच्या दप्तरात लग्न एकदा चढलं की ते झालंच नव्हतं हे सिद्ध करायला कोर्टाच्या तारखांवर तारखा लागतात, आणि तोवर कागदोपत्री तू विवाहित. शिवाय पत्नीच्या जोरावर मिळणाऱ्या ब्रिटिश व्हिसाला ती पत्नीच प्रायोजक लागते. एप्रिल 2024 पासून त्यासाठी वर्षाला किमान 29,000 पौंडांचं उत्पन्न दाखवावं लागतं. म्हणजे हा सगळा बेत तुझ्या पगारावर आणि तुझ्या सहीवर उभा आहे.

बाबांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. ठाण्यात भारताचा कायदा चालतो, पण तो तुझ्याच बाजूचा आहे. राज्यघटनेच्या कलम 21 मध्ये 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' आहे. आणि जोडीदार निवडणं या स्वातंत्र्यात येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये एकाहून जास्त निकालांत सांगितलं. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे तू फक्त ब्रिटिश नागरिक आहेस आणि मुंबईतल्या ब्रिटिश उप-उच्चायुक्तालयाकडे हक्कानं मदत मागू शकतेस. पासपोर्ट मिळालाच नाही तर प्रवासाच्या तातडीच्या कागदाची चौकशीही तिथेच करायची. इंग्लंडमध्ये बळजबरीचं लग्न 2014 पासून गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ब्रिटिश नागरिकाचं लग्न परदेशात लावलं तरी तो कायदा लागू होतो. तिथल्या कौटुंबिक न्यायालयाकडून संरक्षण आदेश मिळतो, त्यात पासपोर्ट परत द्यायला सांगता येतं. हा आदेश दिवाणी असतो, त्यानं आईबाबा लगेच आरोपी होत नाहीत; तो मोडला तर मात्र गुन्हा. हे तुला मुद्दाम सांगते, कारण 'बाबांना तुरुंगात पाठवायचं का?' या एका भीतीनं मुली गप्प बसतात.

आता एक कटू गोष्ट. बळजबरीनं किंवा फसवून संमती घेतली असेल तर हिंदू विवाह कायद्यानुसार लग्न रद्द करता येतं, दबाव संपल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करून. पण आजीचं वय, आईचं रडणं, हॉलचं बुकिंग या सगळ्याला कोर्ट 'बळजबरी' म्हणेलच अशी खात्री मी देणार नाही. साखरपुड्याला कायद्यात लग्नाचं स्थान नाही, त्यानं तू बांधली जात नाहीस. तरी ओटी भरून घेताना काढलेले हसरे फोटो उद्या संमतीचा पुरावा म्हणून पुढे येतात. म्हणून नकार आधी हवा, आणि लेखी हवा.

आजच बाबांना व्हॉट्सअॅप कर: 'बाबा, माझा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड शुक्रवारपर्यंत परत द्या. साखरपुड्याला आणि लग्नाला माझी संमती नाही.' इतकंच. त्या फॉर्मचा फोटो काढ, दोन्ही लेस्टरच्या मैत्रिणीला पाठवून ठेव. ऐरोलीच्या मुलालाही एकदा फोन कर. त्याला अंधारात ठेवणं बरोबर नाही.

शुक्रवार उलटला तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. तो फक्त सुनांसाठी असतो असा समज आहे. मुलगीही वडिलांविरुद्ध अर्ज करू शकते. तात्पुरती राहत असलीस तरी ठाण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तो चालतो, आणि तुझ्या हक्काच्या वस्तू परत देण्याचा आदेश ते देऊ शकतात. अर्ज बाबांविरुद्ध कर. काकांकडे तू पाहुणी आहेस, लेस्टरला बाबांबरोबर एका घरात राहतेस. या कायद्याला लागतं ते एका घरात राहण्याचं नातं तिथे पक्कं आहे. वकिलाची फी नसेल तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. आणि फोन काढून घेतला, खोलीत कोंडलं, हात उगारला, तर शुक्रवारची वाट बघायची नाही. 112 (पोलीस) किंवा 181 (महिला हेल्पलाइन) लाव.

किल्लीला मात्र हात लावू नकोस. लॉकर काकांच्या सहीशिवाय उघडणार नाही आणि चोरीचा आळ येईल तो वेगळाच.

आता आजी. या घरात तिचा शब्द चालतो, म्हणूनच तर सगळं तिच्या नावानं चाललंय. आणि सगळ्या घरात तुला विचारणारी ती एकटीच. मराठी अडखळलं तरी चालेल, 'आजी, मला हे नको' एवढं तुला येतं. ती एकटी असताना, दुपारी, तिच्याजवळ बसून सांग. काका किल्ली मागायला तिच्याकडेच येतात. ती म्हणाली तर काकांना बँकेत जावं लागेल. शुक्रवारच्या आत सांग.