खाडीचं पाणी शिरलेल्या खारजमिनीत पुन्हा भात कसा घ्यायचा?

पनवेल खाडीलगतच्या शेताच्या बांधाला खांड (भगदाड) पडून उधाणाचं पाणी शिरलं असेल, तर आधी खांड बुजवा आणि उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी बाहेर सोडायचं झडपेचं दार, तपासा. झडप ओहोटीला आपोआप उघडून भरतीला घट्ट बसली पाहिजे. तिच्यात काटकी, प्लास्टिक अडकलं की दर भरतीला थोडं थोडं खारं पाणी आत येतं आणि बाकीची मेहनत वाया जाते. बहुतेक ठिकाणी गोची इथेच होते.

मीठ काढायचं काम पावसाचं. पहिल्या जोरदार पावसाचं पाणी बांधात कोंडा, चिखलणी करा, गढूळ पाणी ओहोटीला उघाडीतून सोडा. असं दोन-तीनदा करून मगच लावणी. जिप्सम सांगितलं जातं, पण ते चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीचं औषध. नुसत्या खारवटीला माती तपासल्याशिवाय टाकू नका. क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या (मातीतलं मीठ मोजायचं एकक) वर असेल तर साधं बियाणं नकोच, खारजमिनीसाठी काढलेलं पनवेल-३ घ्या. रोपं २५-३० दिवसांची, एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) ३-४. कोवळं रोप खारात करपतं. फुलोऱ्यात शेत सुकू देऊ नका, खालचं मीठ वर चढतं.

कापणीनंतर पेंढा जाळू नका, शेतात पसरा. उन्हाळ्यात पांढरा थर कमी येतो.

आणि पडीक तुकड्यात तिवरं (कांदळवनाची झाडं) उगवली असतील तर कोयता लावू नका. जमीन खाजगी असली तरी कांदळवन तोडायला बंदी आहे, मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल तसाच आहे. शिवाय बांधाबाहेरची तिवरं लाटेचा मार झेलतात, म्हणून बांध टिकतो.