कार्टून, कार्टं आणि काडतूस

प्रश्न असा: इंग्लंडच्या युवराजाची लफडी चव्हाट्यावर आणणारी तिथल्याच जेम्स गिलरे या चित्रकाराची चित्रं, किंवा आपल्याकडे टक्केवारी खाणाऱ्या पुढाऱ्यांवर निघतात ती, यांना व्यंगचित्र म्हणावं, व्यंग्यचित्र की कार्टून?

पहिल्या दोघांचा निकाल झटक्यात लावतो. व्यंग म्हणजे वि + अंग, अंगातली उणीव. व्यंग्य आलं 'अंज्' धातूवरून. अंजन, व्यंजन, व्यक्त ही त्याची भावंडं. न बोलता सुचवलेला अर्थ तो व्यंग्य. शुद्धतेचे काही पहारेकरी 'व्यंग्यचित्र'च लिहा म्हणून हटून बसतात. त्यांनी गिलरेचं १७९२चं चित्र बघावं. युवराज खुर्चीत रेललाय, काट्याने दात कोरतोय, सुटलेल्या पोटावर वास्कटाचं एकच बटण कसंबसं तग धरून आहे. मागे थकलेली बिलं आणि त्यांवर वजन म्हणून तुडुंब भरलेलं मुताचं भांडं. यात सुचवायचं काय शिल्लक ठेवलंय? व्यंगचित्रच.

आता कार्टून. परवा नवी पेठेत चहा पिताना एका गृहस्थांनी ऐकवलं, की हा शब्द 'कार्टं'वरून निघाला, कारण ती कार्ट्यांची करमणूक! अहो, सोलापुरात राहून हे बोलता? हा तर मागावरचा शब्द. इटालियनमध्ये कार्ता म्हणजे कागद, कार्तोने म्हणजे जाड कागद, पुठ्ठा. भिंतीवर रंगवायच्या किंवा मागावर विणायच्या चित्राचा पूर्ण मापाचा आराखडा त्यावर काढत, म्हणून आराखड्यालाच ते नाव पडलं. इटालियन चित्रकार राफाएलने पोपच्या सिस्टाइन चॅपेलच्या विणलेल्या पडद्यांसाठी केलेली अशी सात कार्टूनं आजही लंडनला आहेत. हसू येण्यासारखं त्यांत काही नाही, सगळा संतमहंतांचा मामला. सोलापूरच्या पूर्व भागात जॅकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ खटाखट सरकताना ज्याने पाहिली, चादरीवरचा मोर आधी पुठ्ठ्यात असतो हे ज्याला ठाऊक, त्याला कार्तोने काय समजावायचं? टॉवेल भरून बाहेरगावी जातात ते कार्टन त्याच घरातलं. आणि पोर्तुगीजांकडून आलेलं आपलं काडतूसही! कागदाच्या गुंडाळीत बांधलेली दारू, दुसरं काय.

थट्टा त्यात शिरली १८४३ साली. लंडनला पार्लमेंटच्या नव्या इमारतीत भित्तिचित्रं काढायची होती, त्यांच्या कार्टूनांचं प्रदर्शन भरलं. 'पंच' या तिथल्या विनोदी साप्ताहिकाने जुलैत जॉन लीचचं चित्र छापलं: फाटक्या कपड्यांतले भुकेले लोक झकपक तसबिरी बघत उभे. वर मथळा, 'कार्टून क्रमांक १'. सरकारचाच शब्द सरकारच्या तोंडावर मारला, तो तिथेच चिकटला.

गिलरे वारला १८१५ला. म्हणजे त्याच्या चित्रांना त्याच्या हयातीत कार्टून कोणी म्हणत नव्हतं. म्हणत कॅरिकेचर, इटालियन 'कारिकारे'वरून, म्हणजे ओझं लादणे. आपण अर्कचित्र म्हणतो. त्यांनी माणसावर लादलं, आपण त्याला आटवलं. आपला शब्द सरस आहे, कोणी काहीही म्हणो.

टक्केवारीचं राहिलंच. १८२० मध्ये जॉर्ज क्रुकशँक या चित्रकाराने, तोच युवराज आता राजा झाला होता, त्याला अनैतिक प्रसंगात न रंगवण्याच्या बोलीवर १०० पौंड घेतले. याला आपल्याकडे तोडपाणी म्हणतात. यातली तोड 'तोड काढणे'मधली, बरं का, मोडतोडीतली नव्हे.