बडोद्याचे अमेरिकन ग्रंथपाल

प्रश्न : सयाजीराव महाराजांनी लायब्ररीसाठी थेट अमेरिकेतून माणूस आणला होता असं ऐकलंय. खरं का? तो परत गेल्यावर सगळं बंद पडलं का? आम्ही गावात वाचनालय काढतोय म्हणून विचारतेय. (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : ताई, अगदी खरंय. विल्यम अॅलन्सन बोर्डन त्यांचं नाव. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला यंग मेन्स इन्स्टिट्यूटमध्ये ते ग्रंथपाल होते आणि १९१० मध्ये महाराजांनी त्यांना बडोद्याला बोलावून अख्ख्या संस्थानाच्या ग्रंथालयांचे प्रमुख केलं. १९०६ पासून संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं होतं, पण शाळा सुटल्यावर पोरांच्या हातात पुस्तकच पडलं नाही तर शिकलेलं विसरणारच ना, म्हणून महाराजांना गावोगावी वाचनालयं हवी होती.

बोर्डन फक्त तीनच वर्षं राहिले, १९१३ ला परत गेले. पण कामाचा झपाटा बघा, महाराजांनी दिलेल्या राजवाड्यातल्या पुस्तकांवर सेंट्रल लायब्ररी उभी केली, सगळ्यांना फुकट, आणि जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून पाठवायची सोय केली, ती वाचून झाली की दुसरी पेटी. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते म्हणजे १९११ मध्ये त्यांनी इथल्याच लोकांसाठी ग्रंथपालांचा ट्रेनिंग क्लास काढला, भारतातला अगदी पहिल्यांपैकी. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं त्रैमासिकही निघायला लागलं, इंग्रजीसोबत गुजराती आणि मराठीतही!

त्यामुळे ते गेल्यावर बंद काही पडलं नाही. कारभार आपल्या जनार्दन सखाराम कुडाळकरांकडे आला, आणि खेड्यापाड्यांत मोतीभाई अमीन होतेच. मोतीभाई तर बोर्डन यायच्या आधीपासून मित्रमंडळं काढून वाचनालयं चालवत होते, हे लोक विसरतात आणि सगळं श्रेय पाहुण्याला देऊन टाकतात, ते मला पटत नाही.

आता तुमच्या कामाचं. बडोद्यात सरकार नुसतंच पैसे वाटत नव्हतं. गावाने आधी आपली वर्गणी गोळा करायची, मग तेवढेच पैसे पंचायतीकडून आणि तेवढेच सरकारकडून मिळायचे. गावाचे स्वतःचे पैसे गुंतले की गाव लक्ष घालतं, पुस्तकं परत आली का, कपाटाला वाळवी लागली का, सगळं विचारतं. तुम्हीही देणगीदार नंतर शोधा, आधी घरटी थोडी थोडी वर्गणी जमवा आणि गावातलाच एक मुलगा किंवा मुलगी ग्रंथालयाच्या कोर्सला पाठवा. इंग्रजी चालत असेल तर कुडाळकरांचं १९१९ चं 'द बरोडा लायब्ररी मूव्हमेंट' मिळवून नक्की वाचा, सगळी व्यवस्था त्यात आहे.