मी असा घडलो, मग जबाबदारी माझी कशी?

समुपदेशनाला येणारी बरीच मंडळी पहिल्या-दुसऱ्या भेटीत एक प्रश्न विचारतात. कुणी थेट, कुणी आडून. लहानपणी घरात जे पाहिलं, जे सोसलं, त्यातून माझा स्वभाव असा झाला. मग माझ्या वागण्याला जबाबदार मी कसा? पुष्कळांना ही पळवाट वाटते. मला तसं वाटत नाही. विचारणारा माणूस खरोखरच अडकलेला असतो. म्हणून प्रसादची हकिगत सांगते. त्याची संमती घेतली आहे, आणि नावासकट ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रसाद पुण्याचा, अडतीस वर्षांचा, नोकरी हिंजवडीत, राहायला धायरीला. अपॉइंटमेंट त्याच्या बायकोने, मेघनाने घेतली होती. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा अर्णव बाबांची गाडी पार्किंगमध्ये आली की दप्तर उचलून आतल्या खोलीत जायचा आणि जेवायला हाक मारली तरी भूक नाही म्हणायचा. त्याने शाळेत पाण्याची बाटली हरवली होती, लागोपाठ तिसरी. प्रसादने त्याच्या कानाखाली इतक्या जोरात मारली, की कानात आवाज येतोय म्हणून पोराला डॉक्टरकडे न्यावं लागलं.

प्रसादने कारणं सांगितली, आणि नीट विचार करून सांगितली. त्याचे वडील त्याला पट्ट्याने मारायचे. वडिलांना आजोबांनी मारलेलं. आजोबांचं नारायण पेठेत किराणा दुकान होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. दुकान गेलं, राहती जागा गेली. वडील तेव्हा सात वर्षांचे. पुढची वर्षं गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेली. आजोबा त्या धक्क्यातून सावरलेच नाहीत. दारू सुरू झाली, मग मारझोड.

"तीन पिढ्या आमच्याकडे हेच चाललंय, मॅडम," तो म्हणाला. "त्यात रोजचा बायपास. भूमकर चौकातून निघालो की चांदणी चौक, वारजे, नवले पूल. दीड तास कुठे गेला नाही. शिवाय गाडीत मॅनेजरचे फोन. घरी पोचेपर्यंत डोकं फुटायची वेळ आलेली असते. समोर जो येईल त्याच्यावर निघतं. माझा माझ्यावर ताबाच राहत नाही."

यातलं एक अक्षरही मी खोडून काढलं नाही, कारण ते खरं आहे. 'मनावर घेतलं की सगळं जमतं' हे वाक्य मी कधीच कुणाला ऐकवत नाही. परिस्थितीने पिचलेल्या माणसावर तो अन्याय असतो. पानशेत फुटलं त्याच वर्षी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुल्याला बदडताना पाहिलेली लहान मुलं नंतर तशीच बदडू लागली, काहींनी तर अगदी त्याच तऱ्हेने. मारणं हे पाहून शिकलं जातं. प्रसाद ते घरीच शिकला.

पण याच बांडुरांनी पुढे आणखी एक गोष्ट मांडली आणि ती माझ्या रोजच्या कामाचा पाया आहे. परिस्थिती माणसाला घडवते हे खरं; पण माणसाचे विचार आणि त्याचं वागणंही परिस्थितीला घडवत असतं. प्रसाद ज्या वातावरणात वाढला ते त्याने निवडलं नव्हतं. अर्णव ज्या वातावरणात वाढतोय, त्यातला मोठा भाग मात्र स्वतः प्रसाद आहे.

कारणं शोधत मागे जायचं तर पानशेतलाही थांबता येत नाही. धरणाचं काम पुरतं झालेलं नसताना पाणी का साठवलं, इथपर्यंत जावं लागेल. हे समजून घेण्याला मोल आहे, कारण त्यामुळे प्रसादला स्वतःबद्दल आणि वडिलांबद्दल थोडी माया वाटू शकते. पण अर्णवच्या कानाचा जाब पानशेतला विचारता येत नाही. कारण शोधायला मागे बघावं लागतं. जबाबदारीचा प्रश्न उद्या संध्याकाळचा आहे: तेव्हा हात उचलायचा की नाही, हे कुणाच्या हातात आहे?

'ताबाच राहत नाही' याचं उत्तर मेघनाकडून आलं. तिसऱ्या भेटीला ती बरोबर होती. तिने त्या संध्याकाळची एक बारीकशी गोष्ट सांगितली. प्रसादचा आवाज टिपेला पोचलेला, अर्णव भिंतीला टेकून रडतोय, आणि दाराची बेल वाजली. शेजारचे काका सोसायटीच्या मीटिंगचा कागद द्यायला आले होते. प्रसादने दार उघडलं. "या ना काका, बसा, चहा घ्या," अगदी नेहमीच्या आवाजात. काका गेले, दार लागलं, आणि मग ती थप्पड बसली.

प्रसाद बराच वेळ गप्प होता. मीही मध्ये बोलले नाही. ताबा होता, हे त्याला आपलं आपणच दिसलं. काकांसमोर वापरला, अर्णवसमोर नाही.

मग मी त्याला कागद दिला. डाव्या बाजूला, त्या दिवशी तुम्ही का मारलंत त्याची कारणं लिहा; उजव्या बाजूला, अर्णवने बाटली का हरवली त्याची. डावी बाजू भरली: वडील, ट्रॅफिक, मॅनेजर, झोप अपुरी, होम लोन. उजव्या बाजूला एकच शब्द होता, 'बेजबाबदार'. दुसऱ्यांच्या वागण्यामागची परिस्थिती न बघता थेट त्यांच्या स्वभावावर बोट ठेवायचं, ही माणसाची जुनी खोड आहे. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये तिला नाव दिलं. मी ती घराघरांत बघते. आपल्याला परिस्थितीचा फायदा द्यायचा आणि लेकराला द्यायचा नाही, हे मला सर्वांत जास्त छळतं. कारण आवेग आवरणं, पुढचा विचार करणं ही कामं मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडे असतात, तो भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत तयारच होत असतो. घरात परिस्थितीची सवलत कुणाला द्यायची झाली, तर पहिला हक्क दहा वर्षांच्या मुलाचा. शाळेत मुलाला मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरातला मार मात्र अजूनही 'वळण लावणं' म्हणून खपतो.

उजवी बाजू प्रसादने पुढच्या भेटीत भरून आणली. त्यासाठी त्याला अर्णवला विचारावं लागलं होतं. शाळेची बस सुटायची वेळ, खालच्या मजल्यापर्यंतची धावपळ, आणि 'घरी गेल्यावर बाबा काय म्हणतील' ही शेवटच्या तासापासूनची धास्ती. घाबरलेलं मूल जास्त विसरतं.

विवेकाचं काम इथे सुरू होतं. आम्ही वापरतो ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये मांडली, आणि आपल्याकडे ती रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की घटना आणि भावना यांच्या मध्ये आपला एक विचार असतो. बाटली हरवली ही घटना. संताप हा परिणाम. मधला विचार प्रसादला सापडायला वेळ लागला, पण सापडला: 'माझ्या मुलाने चूक करताच कामा नये, केली तर मी बाप म्हणून हरलो.' हा विचार त्याच्या मनात लिफ्टमध्येच सुरू झालेला असायचा. तो तपासता येतो. दहा वर्षांची मुलं वस्तू हरवतात. हरवू नयेत अशी इच्छा धरणं ठीक. तसा हुकूम सोडणं ठीक नाही. इच्छा मोडली तर वैताग येतो, हुकूम मोडला तर हात उठतो.

यानंतर जे झालं ते जवळजवळ दर केसमध्ये होतं. प्रसाद दुसऱ्या टोकाला गेला. "मी नालायक बाप आहे," असं तो प्रत्येक वाक्याला म्हणू लागला. लोकांना वाटतं, वा, आता जबाबदारी पटली. मला तेव्हा काळजी वाटते. जो स्वतःला नालायक ठरवतो त्याला उद्या काही करायचं उरत नाही. नालायक माणसाकडून कोण कसली अपेक्षा ठेवणार? एलिस कृती आणि माणूस वेगळे धरायला शिकवतात ते याचसाठी. मारलं ते वाईटच. ती कृती बदलायला माणूस शाबूत लागतो.

परिस्थितीही बदलायला घेतली, कारण नुसत्या विचारांवर भार टाकणं मला पटत नाही. प्रसाद गाडी सोडून कंपनीच्या बसने जाऊ लागला. दीड तास तेवढाच, पण स्टिअरिंग हातात नाही. सोसायटीच्या गेटजवळ उतरल्यावर दोन चकरा मारून मगच वर जायचं. अभ्यासाची चौकशी जेवणानंतर, आधी नाही. बाटलीला नाव आणि दप्तराला अडकवायचा हूक.

माफीचा सराव मात्र माझ्यासमोर करावा लागला. पहिल्यांदा तो म्हणाला, "सॉरी अर्णव, पण तूही जरा लक्ष ठेवायला हवं होतंस." मी थांबवलं. पुन्हा. चौथ्या-पाचव्या वेळी वाक्य आलं: "मी तुला मारलं, ते चुकलं. मला राग आवरायला हवा होता." तेवढंच. घरी हे ऐकून अर्णवने विचारलं, "मग आता टीव्ही लावू?" प्रसादला ते लागलं, त्याला वाटलं होतं, पोरगा येऊन बिलगेल. मी सांगितलं, विश्वास परत द्यायचा की नाही आणि केव्हा, हे अर्णवच्या हातात राहू दे.

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण मार खाणाऱ्या बाजूला असतील. त्यांना वेगळं सांगायचं आहे: समोरच्याच्या बालपणाची कारणं कितीही खरी असली, तरी ती समजून घेत मार सोसत राहणं हे तुमचं काम नाही. आधी सुरक्षितता. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ हे नंबर आहेत. मनावर ताण असह्य झाला तर टेली-मानसच्या १४४१६ वर मोफत बोलता येतं, मराठीतही.

प्रसादकडून सहामाहीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा हात उचलला गेला. खांद्यापर्यंत येऊन थांबला, पण अर्णवने डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन प्रसादचाच आला, या वेळी मेघनाचा नाही. त्या रात्रीवर आमचं काम अजून चालू आहे. आता त्याला वडिलांशीही बोलायचं आहे. ते सत्तरीचे आहेत, आणि पुराबद्दल त्यांनी मुलाला आजवर फारसं काही सांगितलेलं नाही.