दोन वर्षांचं मूल बोलत नसेल, तर आधी कान तपासा : मोबाइलविषयी वाचकांचे प्रश्न

मोबाइलच्या अतिवापराबद्दल येणारी पत्रं गेले काही महिने फिरून फिरून त्याच मुद्द्यांवर येतात. बऱ्याच पत्रांच्या मुळाशी कुणीतरी फॉरवर्ड केलेला मजकूर किंवा कुणीतरी गळ्यात मारलेली वस्तू असते. म्हणून त्यातले काही प्रश्न आज एकत्र घेते. इथलं उत्तर म्हणजे तपासणी नव्हे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : फोनच्या मागे रेडिएशन शोषणारा स्टिकर लावला तर झोप सुधारते का? (डोंबिवली)

नाही. पैसे वाया घालवू नका. फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ घ्या. तरीही महिनाभरात झोप सुधारली नाही तर फॅमिली डॉक्टरांना भेटा. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नका.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गेम खेळतो. फोन काढून घेतला की आदळआपट करतो आणि ‘जिवाचं बरंवाईट करून घेईन’ म्हणतो. हे व्यसन आहे का? सगळे म्हणतात, परीक्षा झाली की सुटेल. (बार्शी)

व्यसनाचं नंतर बघू. आधी त्याच्या धमकीचं. ‘घाबरवण्यासाठी बोलतो’ असं गृहीत धरू नका. आजच शांतपणे त्याच्याजवळ बसा आणि मनात मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्यामुळे तसे विचार डोक्यात शिरतात, हा गैरसमज आहे. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. त्याला एकटं सोडू नका आणि मनोविकारतज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा. तो स्वतःला इजा करायला निघाला तर थेट रुग्णालयात न्या. परीक्षा होईपर्यंत थांबायचं नाही.

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेम खेळण्याच्या विकाराची नोंद आहे. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणं, हे साधारण वर्षभर दिसलं तर तो विकार म्हणतात. नुसते तास मोजून हे ठरत नाही. गेमच्या आड नैराश्य, शाळेतला छळ, नापास होण्याची भीती किंवा लहानपणापासूनची अवधानाची अडचण लपलेली असू शकते. ती शोधणं तज्ज्ञांचं काम आहे. तोवर फोन हिसकावून घेऊ नका. वेळ त्याच्याशी बोलून ठरवा.

प्रश्न : ऑनलाइन क्लाससाठी मुलीला ब्लू लाइटचा, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्यायला दुकानदाराने सांगितलं. घ्यावा का? (नाशिक)

गरज नाही. २०२३मध्ये कॉक्रेन या संस्थेने या विषयावरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी डोळ्यांवरचा ताण कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी लांब बघायला लावा आणि रोज उजेडात बाहेर खेळू द्या. डोकं दुखत असेल तर नेत्रतज्ज्ञांकडून नंबर तपासून घ्या. दुकानातल्या मशीनवर भागवू नका.

प्रश्न : नातू सव्वादोन वर्षांचा आहे. फोन समोर धरल्याशिवाय जेवत नाही. इंग्रजीतले रंग आणि ए टू झेड म्हणतो, पण ‘आई’ म्हणत नाही. हाक मारली तरी बघत नाही. व्हिडिओत सांगतात की हा ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ आहे, फोन बंद केला की जातो. सूनबाई म्हणतात, त्याचे बाबाही उशिराच बोलले होते. (सांगली)

काकू, हे उत्तर सूनबाईंना आणि मुलालाही वाचायला द्या. अशा घरांमध्ये वर्ष-वर्ष वाया गेलेलं मी पाहते आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

‘व्हर्च्युअल ऑटिझम’ नावाचं कोणतंही निदान अधिकृत यादीत नाही. ऑटिझम म्हणजे मेंदूच्या विकासातला असा फरक, ज्यात इतरांशी संवाद साधणं मुलाला अवघड जातं. तो मोबाइलमुळे होतो, असं सिद्ध झालेलं नाही. पण दिवसभर स्क्रीनसमोर असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडू शकतं. मूल ‘बा’ म्हणतं, आई त्याच्याकडे बघून ‘बाबा? बाबा कुठे गेले?’ म्हणते, मग मूल पुन्हा काहीतरी म्हणतं. या देवाणघेवाणीतून भाषा येते. स्क्रीन मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. ए टू झेड म्हणणं हे पाठांतर आहे. तहान लागली की ‘पाणी’ मागणं, हवं ते बोटाने दाखवणं, चिमणी दिसली की तुमच्याकडे वळून बघणं, हा संवाद आहे. तो होतो का, ते बघा. ‘मेंदूचा विकास’ म्हणून विकली जाणारी ॲप आणि बालगीतं हे काम करत नाहीत. पाकिटावर ‘शैक्षणिक’ लिहिलेलं असलं तरीही.

फोन बंद करा, आजच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. लांबच्या नातलगांशी व्हिडिओ कॉल चालेल, कारण समोरचं माणूस उत्तर देतं. पहिले काही दिवस नातू रडेल, कमी जेवेल. सर्वांसोबत ताटावर बसवा, हाताने खाऊ द्या, सांडू द्या. वजन घटतंय असं वाटलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पण फोन बंद करून तीन महिने वाट बघत बसू नका. माझं खरं भांडण या वाट बघण्याशी आहे. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलायला हवं. ‘दूध दे’, ‘बाबा आले’ एवढं तरी. हाकेला प्रतिसाद नसेल तर सर्वात आधी कानांची तपासणी. ऐकूच कमी येत असेल तर फोन बंद करून काय होणार? ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडे, ओएई आणि गरज पडली तर बेरा ही चाचणी होते, दोन्ही वेदनारहित असतात. त्याच वेळी बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्या. सरकारी यंत्रणेत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करतात. तुमच्या जिल्ह्यातलं केंद्र कुठे आहे, ते जिल्हा रुग्णालयात विचारा. बाबा उशिरा बोलले होते, हे खरं असेल. पण हाकेला न वळणं ही त्या गोष्टीने झाकायची बाब नाही. मेंदू सर्वात वेगाने घडतो ती हीच वर्षं आहेत, आणि ऑटिझम असो वा नसो, थेरपी लवकर सुरू झाली तर मुलाला फायदाच होतो. ‘नव्वद दिवसांत ऑटिझममुक्ती’चं पॅकेज विकणाऱ्यांकडे मात्र फिरकू नका. आलेले शब्द नाहीसे होत असतील तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच दाखवा.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. रील बघून स्वतःचा राग येतो. जेवण कमी केलंय. पाळी दोन महिने आली नाही. (फोंडा)

फोन हा तुझ्या प्रश्नाचा छोटा भाग आहे. जेवण तोडणं आणि पाळी चुकणं ही तपासणीची कारणं आहेत. या आठवड्यात डॉक्टरांना भेट, आईला किंवा एखाद्या विश्वासाच्या माणसाला सोबत ने आणि जेवणाचं लपवू नकोस. ज्या खात्यांमुळे त्रास होतो ती आजच अनफॉलो कर. मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांचीही मदत लागू शकते.

प्रश्न : सात दिवसांच्या ‘डोपामिन डिटॉक्स’ शिबिराला जावं का? (पुणे)

डोपामिन हे मेंदूतलं एक रसायन आहे, विष नाही. ते शरीरातून काढून टाकता येत नाही. सुट्टी म्हणून जायचं असेल तर जा, उपचार म्हणून नको.

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावसारखा भोंगा आमच्या गावातही सुरू करावा का? (चाळीसगाव)

जरूर. तिथे २०२२मध्ये ग्रामस्थांनी ठरवून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवले. मात्र मोठ्यांचे फोनही बंद राहायला हवेत. बापाने ओसरीवर बसून फोन बघायचा आणि पोराने आत अभ्यास करायचा, असं चालणार नाही. त्या वेळातही एखादं मूल गप्प, एकलकोंडं किंवा सतत चिडलेलं दिसलं तर ग्रामसभेत चर्चा नको. पालकांना खासगीत सांगा आणि समुपदेशकांकडे पाठवा.

प्रश्न : अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. स्क्रोल करण्यामुळे असेल का? (लातूर)

असू शकतं. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, मालिश करून घेऊ नका.